इतिहास शिकलेला माणूस येशूच्या चमत्कारांवर विश्वास ठेवू शकतो का?

तुम्ही विचारलंय की इतिहास वाचायला लागल्यापासून येशूचे चमत्कार पचत नाहीत, मग आता इतिहास सोडायचा की श्रद्धा. मी नवापूरकडचा ख्रिस्ती, धुळ्यात ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो, गावी मंडळीतले विचारतात आणि इकडे स्टाफरूममधले सर लोक, ते जरा हसत हसत.

माझ्या मते दोन्हीपैकी काहीच सोडायची गरज नाही. पण "हा श्रद्धेचा विषय आहे, प्रश्न विचारू नका" म्हणून पळता पण येत नाही, निदान ख्रिस्ती माणसाला तरी नाही. कारण पौल, म्हणजे सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती धर्मप्रचारक, त्यानेच करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात स्पष्ट लिहिलंय की ख्रिस्त मेलेल्यातून उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ. म्हणजे त्याने सगळं एका घडलेल्या गोष्टीवर लावलंय, मग ती घडली का हे लोक विचारणारच ना.

आता इतिहासाच्या हातात काय आहे ते बघा. येशू होता आणि पिलात या रोमन सुभेदाराच्या काळात त्याला क्रुसावर मारलं, यावर अभ्यासकांमध्ये फारसा वाद नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार, ख्रिस्ती लोकांबद्दल अजिबात प्रेम नसलेला, इ.स. ११६ च्या सुमारास हेच लिहितो. पिलाताच्या नावाचा दगड १९६१ साली इस्राएलमधल्या कैसरियात सापडला. पौलाचं ते पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आतबाहेर, आणि त्यात मेल्यानंतर उठलेला येशू कोणाकोणाला दिसला त्याची यादी देताना तो म्हणतो की मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं, म्हणजे यादी त्याच्याही आधीची. त्यामुळे "दोन-तीनशे वर्षांनी कोणीतरी रचलं" हे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते टिकत नाही. येशू रोगी बरे करतो, भुतं काढतो असं त्याच्या काळातल्या लोकांना वाटत होतं, हे पण बहुतेक अभ्यासक मानतात. शुभवर्तमानांमध्ये, म्हणजे बायबलमधल्या येशूचं आयुष्य सांगणाऱ्या चार पुस्तकांमध्ये, तर विरोधक सुद्धा भुतं निघतात हे नाकारत नाहीत, ते म्हणतात हा बालजबूलच्या, म्हणजे भुतांच्या सरदाराच्या जोरावर काढतो.

पण इथून पुढे गाडी अडते. लोकांना वाटत होतं हे इतिहास सांगेल, देवाने केलं हे कुठल्या कागदावरून सांगणार? ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये म्हटलं की साक्ष खोटी असणं हे चमत्कारापेक्षाही अशक्य वाटलं तरच चमत्कार माना. युक्तिवाद जोरदार आहे, पण निसर्गाचा नियम कधीच मोडत नाही हे तो जवळजवळ आधीच धरून चालतो, आणि वाद तर नेमका त्याच्यावरच आहे.

मला ह्यूमपेक्षा जास्त त्रास दिला तो टॅसिटसनेच. तो लिहितो की अलेक्झांड्रियात एका आंधळ्याने वेस्पासियन बादशहाला विनवलं की तुमची थुंकी माझ्या डोळ्यांना लावा, दुसऱ्या एकाचा हात निकामी होता, वेस्पासियन आधी हसला, मग वैद्यांना विचारलं, वैद्य म्हणाले नजर पूर्ण गेलेली नाही, मग त्याने केलं आणि दोघं बरे झाले. वर टॅसिटस म्हणतो की तिथे हजर असलेले लोक आजही हेच सांगतात, आणि आता खोटं बोलून त्यांना काही मिळणार नाही. आता मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा वाचा, तिथे पण थुंकीच आहे! पिलाताच्या बाबतीत टॅसिटस खरा आणि वेस्पासियनच्या वेळी थापाड्या, असं आपल्या सोयीने करता येत नाही भाऊ.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या मुक्ताईनगरला बघा. शके १२१९ मध्ये तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असं वारकरी मानतात. मुक्ताई होती, तिचे अभंग आहेत, यात्रेला अख्खं खान्देश लोटतं, यावर मी वर्गात बिनधास्त बोलतो. ती गुप्त झाली का यावर मी "परंपरा असं सांगते" इतकंच म्हणतो. मग येशू कबरीतून उठला याबद्दल शिकवताना मला वेगळं माप वापरता येईल का? नाही येत. एका पोराने मला सरळ विचारलं होतं, "सर, हाई खरं शे का?" मी म्हटलं, मी मानतो, पण पेपरात तसं लिहिलंस तर मार्क देणार नाही. पोरं खूप हसली पण मी सिरीयसली बोललो होतो.

मग मी मानतो ते कशावर? थोडं त्या जुन्या यादीवर, थोडं प्रार्थनेवर, आणि देव आहे हे मी आधीच धरलेलं आहे त्यावर. जो देव मानत नाही त्याला तीच यादी वाचून शिष्यांना भास झाले असतील असं वाटेल, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

तुम्ही एक करा, पहिलं करिंथ अध्याय १५ आणि चारही शुभवर्तमानांचे शेवट शेजारी ठेवून वाचा. पौलाच्या यादीत येशूची शिष्या मग्दालिया मरीया हिचं नावच नाही, आणि चारही शुभवर्तमानांत मात्र कबरीपाशी सगळ्यात आधी पोचणाऱ्यांत ती आहे. असं का, यावर अभ्यासक अजून भांडतायत.