डहाणू-बोर्डीला पहिल्यांदा निघालात तर

मराठवाड्यातून येत असाल तर देवगिरी एक्सप्रेसनं दादरला उतरा, तिथून विरार, पुढं डहाणू रोड लोकल. विरारपुढं गाड्या कमी. एक हुकली की बसा फलाटावर!

बोर्डीचा किनारा लई सपाट. ओहोटीला पाणी पार लांब जातं अन् भरतीला पसरत येतं. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ निघते: अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे सकाळ-संध्याकाळ अंदाजे ६. पौर्णिमेनंतर पुन्हा १ पासून मोजा. लांब चालायचं तर भरती उतरल्यावर निघा.

बोर्डीशेजारच्या घोलवडचे चिकू गावी न्यायचे तर कडकच घ्या. नखानं साल खरवडा; खाली हिरवं दिसलं की कोवळा, तो नीट पिकत नाही. कच्चे फ्रिजात ठेवू नका.