मिस्त्रींना विचारा: उसाच्या ट्रॉलीमागं बंद पडणारी गाडी

प्रश्न : मिस्त्रीकाका, मी कळ्याजवळच्या शाळेत शिकवते, राहायला कोल्हापुरात, फुलेवाडीत. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली २०११ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, ती घेऊन रोज जाते. गेल्या वर्षभरात अकरा वेळा बंद पडली. तारखांची यादी सोबत जोडलीय. बंद पडायच्या आधी एसीतनं गरम वारं येतं, मग गाडी गचकन थांबते. अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी चालू होते. तीन गॅरेज झाली. बॅटरी नवी, प्लग नवे, पेट्रोल पंप नवा, सव्वीस हजार गेले. गॅरेजवाले हायवेला एक चक्कर मारून येतात आणि म्हणतात, ‘ताई, गाडी एकदम ओके.’ परवा कोपार्ड्याजवळ माझ्याच वर्गातल्या पोराच्या वडलांनी ट्रॅक्टरला बांधून ओढत नेली. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर मागच्या बाकावरनं ट्रॅक्टरचा आवाज! मिस्टर म्हणतात, भंगारात घाल. काढू का ठेवू?
– एक शिक्षिका, फुलेवाडी

उत्तर : ताई, यादी पाठवलीत ते फार बरं केलंत. अडतीस वर्षं उद्यमनगरात गॅरेज चालवलं, पण तारीख, वेळ, जागा लिहून आणणारी गिऱ्हाइकं बोटावर मोजण्याइतकी. अकरापैकी नऊ वेळा गाडी नोव्हेंबर ते मार्चमध्ये थांबलीय आणि प्रत्येक नोंदीपुढं तुम्हीच लिहिलंय, ‘पुढे उसाची ट्रॉली’. उरलेल्या दोन वेळा दसरा चौकात, सिग्नलला. म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्या गाडीचं दुखणं सुरू होतं.

गाडी साठच्या स्पीडनं पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागं तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरात पाच-सात किलोमीटर रांगता, तेव्हा वारा नसतो. तिथं रेडिएटरचा पंखा फिरायला पाहिजे. तुमचा फिरत नसावा. एसीचं कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी, तीही त्याच पंख्यापुढं असते, म्हणून आधी एसी गरम होतो. आणि गॅरेजवाले गाडी बघतात कुठं, तर हायवेला, भरधाव. तिथं ती ओकेच असणार. त्या तिघांनी एकदा गाडी जागेवर वीस मिनिटं चालू ठेवून बघितली असती तर तुमचे सव्वीस हजार वाचले असते. राग येतो मला अशा कामाचा. नवा पार्ट बसवणं म्हणजे दुरुस्ती न्हवं.

तुम्ही स्वतः बघा. दारात गाडी चालू करा, एसी लावा, बॉनेट उघडा. हात आणि पदर-ओढणी लांब ठेवा. पंखा थोड्या वेळातच फिरायला लागला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले, म्हणजे पंख्याला करंट सोडणारा स्विच, बघायला सांगा. ते ठीक असतील तर पंख्याला बॅटरीवरनं डायरेक्ट करंट द्यायला सांगा. तरी हलला नाही आणि पान्याच्या दांड्यानं मोटरीला टिचकी मारल्यावर फिरला, तर मोटरीला आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेत. मोटर बदला. डायरेक्टवर फिरला तर मोटर चांगली आहे, मग वायरिंग आणि टेंपरेचर सेन्सर तपासायचा.

आता अर्ध्या तासानं आपोआप चालू होण्याचं. माझा संशय क्रँक सेन्सरवर आहे, म्हणजे इंजिन किती फिरलं ते सांगणाऱ्या सेन्सरवर. आतली बारीक तार तापली की तुटल्यासारखी होते, इंजिनला ठिणगी कधी टाकायची तेच कळत नाही. गार झाली की परत जुळते. पुढच्या वेळी बंद पडली की स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडं बघा. थोडासा थरथरला पाहिजे. शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर सेन्सरच धरा. मेकॅनिकला सांगायचं, सेन्सर तपासायला मल्टीमीटर, म्हणजे करंट मोजायचं मीटर, गरम इंजिनवर लाव, सकाळी गार गाडीवर नको.

एक मात्र ऐका, शपथ आहे : गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतोय, त्यामुळं पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटलं की एकदम उसळतं. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे, तो १९८७ सालचा, करूळ घाटातला. गार झाल्यावर कूलंट भरा. बोअरचं पाणी ओतू नका, आत क्षार धरतात.

काढायची का ठेवायची? त्याआधी एक बघा. गाडी अकरा वेळा तापलीय. ऑइलचं झाकण काढून खालच्या बाजूला दुधाच्या सायीसारखं पिवळट काही चिकटलंय का? गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का? तसं असलं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालची सीलपट्टी, गेलं असावं. हेड उतरवून फेसिंग, म्हणजे सपाट, करायला उद्यमनगरात लेथवाले आहेत, पण एवढा खर्च या गाडीवर करू नका, विका. तसं नसलं तर पंखा आणि सेन्सर, पाचेक हजारांत सुटाल, ठेवा. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी नवं करावं लागतं. त्याची फी २०२२ पासून पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर आहेच. हे मिस्टरांनाही सांगा, नाहीतर ते तेवढाच मुद्दा धरून बसतील.

आणि विकून दुसरी जुनी घेणार असाल तर सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून अजून फिरतात. सीट बदलतात, गालिचा बदलतात, पट्ट्याच्या गुंडाळीतली चिखलाची रेघ मात्र विसरतात.

प्रश्न : उंदीर वायरी खातात. तीन महिन्यांत दोनदा गाडी बंद.
– एक वाचक, गंगावेश

उत्तर : निपाणीची तंबाखू! पानं फडक्यात बांधून बॉनेटमध्ये टांगा, पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब. वास पंधरा दिवसांत उतरतो, मग पुडी बदला. आणि गाडीशेजारी कडबा रचून ठेवलाय का, ते लिहिलं नाहीत. ठेवला असेल तर आधी तो हलवा.