वाचकांचे प्रश्न : वय लहान, काम मोठे

प्रश्न : आमची दहावीतली मुलगी गावात बालविवाहाविरुद्ध मुलामुलींचा गट बांधू पाहते आहे. नातेवाईक म्हणतात, हे तिचे वय नाही. तिला अडवावे का?

उत्तर : अडवू नका. राजस्थानच्या अलवर जिल्ह्यातील हिंसला गावच्या पायल जांगीड हिचे उदाहरण तिच्यासमोर ठेवा. स्वतःचे लग्न लहान वयात ठरत असताना तिने ठाम नकार दिला आणि पुढे गावच्या बालपंचायतीचे नेतृत्व करत, मुलांच्या फेऱ्या काढून आणि पालकांशी बोलून, बालविवाह व बालमजुरीविरुद्ध काम उभे केले. 2019 मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिला न्यूयॉर्क येथे गेट्स फाउंडेशनचा ‘चेंजमेकर’ पुरस्कार मिळाला. मला मात्र त्या पुरस्काराहून उंबरठ्यावर उभे राहून थोरामोठ्यांशी बोलण्याचे तिचे धैर्य अधिक मोलाचे वाटते, कारण ज्या घरात लग्नाची बोलणी चालू असतात तिथे त्याच वयाच्या मुलीचा शब्द अनेकदा भाषणापेक्षा खोलवर जातो.

तरीही कायद्याचा भार मुलीच्या खांद्यावर टाकू नका. मुलीचे वय 18 किंवा मुलाचे 21 पूर्ण नसेल, तर 2006 च्या कायद्यानुसार तो बालविवाह ठरतो, आणि महाराष्ट्रातील खेड्यांत ग्रामसेवक हेच प्रतिबंध अधिकारी असतात. एखादे लग्न ठरल्याचे कळल्यास तिने एकटीने त्या घरी जाऊ नये. तुम्ही स्वतः ग्रामसेवकांना किंवा 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.