व्हिएन्नाच्या पेपरसाठी आईची एफडी मोडायची का?

डोंबिवलीहून एका पीएचडी करणाऱ्या मुलीचा मेल आलाय. केमिस्ट्री, चौथं वर्ष, एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) महिना 42 हजार, पण ती दर महिन्याला येत नाही, तीन-चार महिन्यांची एकदम येते. व्हिएन्नाच्या कॉन्फरन्सला पेपर सिलेक्ट झालाय, पोस्टर नाही, ओरल, म्हणजे उभं राहून बोलायचंय. खर्च साधारण 1 लाख 70 हजार. गाइड म्हणतात डिपार्टमेंट 50 हजार देईल "बहुतेक". स्वतःचे सेव्हिंग 90 हजार, आणि आईची 3 लाखांची एफडी आहे. विचारतेय की एफडी मोडू, पर्सनल लोन घेऊ की क्रेडिट कार्डवर ईएमआय करू.

आधी हे सांगतो की जा. ओरल आहे, थिसिस संपत आलाय, पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, शोधायचंय, तर ज्यांच्या लॅबला उद्या अर्ज करणार त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहायला मिळतंय. पोस्टर असतं आणि दुसरं वर्ष असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

पण तुमच्या मेलमध्ये मला खटकला तो "बहुतेक" शब्द. डिपार्टमेंटचे 50 हजार जोवर ईमेलवर किंवा ऑफिस ऑर्डरवर येत नाहीत तोवर ते शून्य धरा. आणि मिळाले तरी ते आधी मिळत नाहीत, जाऊन आल्यावर बिलं लावायची, मग अकाउंट्स सेक्शन, मग ऑडिटची शंका, असं करत चार-सहा महिने सहज जातात. म्हणजे तुमचा प्रश्न पैसे कमी पडण्याचा जितका आहे त्याहून जास्त मधल्या काळाचा आहे, आणि त्यासाठी एफडी मोडायची गरजच नाही.

त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायचे. बँक एफडीच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत देते, व्याज एफडीच्या रेटपेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि तेही जेवढे वापरले तेवढ्यावरच. समजा 1 लाख उचलले, साडेआठ टक्क्यांनी सहा महिने, तर सव्वाचार हजारांच्या आसपास व्याज. हेच 1 लाख कार्डवर थकवले आणि महिना साडेतीन टक्के लागला तर सहा महिन्यांत 21 हजार, वर जीएसटी. कार्डवाले ईएमआयचा रेट कमी सांगतात पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरून बघा. पर्सनल लोनचं तर विसराच, फेलोशिपला सॅलरी स्लिप नसते, त्यामुळे एकतर देणार नाहीत नाहीतर रेट चढवून देतील.

एफडी मोडायची नाही याचं अजून एक कारण. तुम्ही लिहिलंय ती 2024 ची आहे. 2025 मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 6.5 टक्क्यांवरून 5.25 वर आला आणि एफडीचे रेटही उतरले. मोडलीत तर पेनल्टी जाईलच, पण तो जुना रेट पुन्हा मिळणार नाही. (आईला विचारलंय ना? एफडी त्यांच्या नावावर आहे, सही त्यांची लागणार.)

स्वतःच्या 90 हजारांतले 45 च्या वर काढू नका. घरी राहता, महिन्याला 15 हजार जातात म्हणालात, फेलोशिप तीन महिने अडकली तर ते 45 लागणारच.

आता जे आधीच करायला हवं होतं ते आज करा. एएनआरएफ (पूर्वीचं एसईआरबी) आणि सीएसआयआर या संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थांकडे परदेशी कॉन्फरन्ससाठी ट्रॅव्हल सपोर्टच्या स्कीम आहेत, अर्ज बरेच आधी करावे लागतात, सध्याचे नियम आणि तारखा साइटवर बघून घ्या. आयोजकांनाही मेल टाका, स्टुडंट फी माफ करतात का विचारायला काहीच पैसे लागत नाहीत. दोन ठिकाणांहून मिळालं तर एकच बिल दोन्हीकडे लावायचं नाही, तिकीट एकाकडे, रजिस्ट्रेशन दुसरीकडे.

आणि तिकीट घाईत स्वस्त दिसलं म्हणून कुठल्यातरी अ‍ॅपवरून काढू नका. सरकारी पैशातून विमानाचं तिकीट असेल तर बऱ्याच ठिकाणी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारी ट्रॅव्हल एजंटांकडूनच घ्यावं लागतं, नाहीतर क्लेम अडकतो. चार हजार वाचवायला जाऊन 70 हजारांचं बिल परत येतं. बोर्डिंग पास जपून ठेवा.

व्हिसाचे 90 युरो परत मिळत नाहीत, शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान 30 हजार युरोचा मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्सही लागतो. ओव्हरड्राफ्टचे पैसे अर्जाच्या आदल्या आठवड्यात अकाउंटला टाकून बॅलन्स फुगवू नका, स्टेटमेंटवर ते लगेच दिसतं. त्यापेक्षा फेलोशिपचं लेटर, गाइडचं पत्र आणि आईचं स्पॉन्सरशिप लेटर जोडा. तिथे खर्चायला फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड) न्या, साध्या कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि वर जीएसटी जातो.

एफडीची पावती काढून मॅच्युरिटीची तारीख मला कळवा. पुढच्या दोन-तीन महिन्यांत असेल तर ओव्हरड्राफ्टच्या भानगडीत न पडता तेवढे दिवस प्रवासासाठी काढायच्या 45 हजारांतून ढकलता येतंय का ते बघू.