१७ वरून ५० वर नेण्याची गरज आहे का?

आपल्या अहवालात ड जीवनसत्त्व १७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले आहे आणि ते ५० च्या वर नेल्यास कर्करोग, हृदयविकार व मधुमेह टळतात का, असे आपण विचारले आहे. १७ ही पातळी कमी आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती भरून काढणे योग्यच. मुलांमधील मुडदूस आणि मोठ्यांमधील हाडांचा मऊपणा यांच्याशी या कमतरतेचा संबंध निर्विवाद आहे. ५० चा आग्रह मात्र मला पटत नाही.

आजारी, स्थूल किंवा घराबाहेर कमी पडणाऱ्या माणसांमध्ये ही पातळी मुळातच कमी आढळते; त्यामुळे ती आजाराचे कारण आहे की नुसती खूण, हे निरीक्षणांवरून ठरत नाही. त्यासाठी अमेरिकेत 'व्हायटल' ही चाचणी झाली. २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट आणि उरलेल्यांना निष्क्रिय गोळी असे सुमारे पाच वर्षे दिले गेले. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत कर्करोगाचे वा हृदयविकाराचे प्रमाण घटलेले दिसले नाही. त्यातील बहुतेकांची पातळी मुळात चांगली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण पुरेसे असताना आणखी घेऊन लाभ होत नाही, हे त्यातूनच दिसते. स्वयंप्रतिकार विकार (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) मात्र काहीसे कमी आढळले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना रोज ४,००० युनिट दिलेल्या २०१९ च्या चाचणीतही ठाम फरक दिसला नाही.

उन्हाबद्दल एक गैरसमज आपल्याकडे फार रुजलेला आहे. सकाळचे कोवळे ऊन सुखद असले तरी त्यात ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचे ऊन अधिक उपयोगी. खिडकीच्या काचेतून येणारे जवळजवळ निरुपयोगी.

६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच, ठरावीक आठवडे घ्यायची असते. आमच्या एका नातेवाइकांनी ती रोज घेतली. रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता सुरू झाली आणि मूत्रपिंडांवरही ताण आला. तेव्हा चिठ्ठीवरील 'आठवड्यातून एकदा' हे शब्द नीट वाचावेत, मुतखड्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे आणि फेरतपासणीची घाई न करता सुमारे तीन महिन्यांनी ती करावी.