फॉर्म नंतर, आधी खेळ बघ

विशेष गरजा असलेल्या मुलाची सामाजिक कौशल्यं तपासायची म्हणून लगेच चाचणीचा फॉर्म काढू नकोस. आधी मुलाला ओळखीच्या मुलांत खेळताना बघ. नको असलेली वस्तू ते कशी ढकलतं, हवं ते दाखवायला हात ओढतं की नजरेने सांगतं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं का. व्हाइनलँडसारख्या, मूल रोजच्या जगण्यात काय काय करतं ते मोजणाऱ्या चाचण्या तर मुळातच मुलाला रोज बघणाऱ्यांच्या माहितीवर चालतात. म्हणून घरी विचार, शाळेतही विचार. उत्तरं जुळली नाहीत तर वैतागू नकोस, कामाची माहिती तिथेच मिळते.

बोलता न येणारं मूल ज्यातल्या चित्रांवर बोट ठेवून सांगतं, त्या चित्रतक्त्यात नुसतं 'पाणी', 'भूक', 'शू' नको. 'नको', 'अजून', 'थांब', 'माझं' हे दिवसभर लागतं. तक्ता हातात देऊन मोकळी होऊ नकोस. तू बोलताना स्वतः त्या चित्रांवर बोट ठेवत जा, महिनोन्‌महिने. आणि प्रश्न विचारलास की निदान दहा सेकंद गप्प बस. (आपल्या लोकांना हे सगळ्यात अवघड जातं!)

चित्रांमुळे बोलणं मागे पडेल, असं पालक हमखास म्हणतील. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं. शिक्षा म्हणून तक्ता काढून घेणं मात्र कुणालाही करू देऊ नकोस.