‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, म्हणजे सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन न उचलण्याचा हक्क मिळाला का?

नाही हो, इतक्यात फोन सायलेंटवर टाकू नका! मांडणं वेगळं, मंजूर होणं वेगळं.

हे खासगी विधेयक आहे, म्हणजे मंत्र्याने नव्हे तर एका खासदाराने, सुप्रिया सुळे यांनी, मांडलेलं. पहिल्यांदा २०१८ च्या डिसेंबरात, मग २०२५ मध्ये पुन्हा. अशा विधेयकांसाठी साधारणपणे शुक्रवारची दुपार राखून ठेवतात आणि बहुतेक तिथेच विरतात. स्वातंत्र्यानंतर आजवर जेमतेम १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. लोकसभेची मुदत संपली की तिथे पडून असलेलं विधेयकही बाद, म्हणून तर पुन्हा मांडावं लागलं.

मागणी मात्र साधी आहे: कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर दिलं नाही म्हणून कारवाई नको. फ्रान्समध्ये २०१७ पासून किमान ५० माणसं असलेल्या कंपन्यांना यावर कामगार प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात.

आमच्याकडे रात्री पावणेदहाला, हात आमटीभातात असताना, ग्रुपवर ‘अर्जंट’ येतं. डाव्या हाताने ‘ओके सर’ टाइप करायची सवय झालीय. तूर्त तुमच्या नेमणूकपत्रात कामाच्या वेळेबद्दल काय लिहिलंय ते वाचा.